टिपणीसबाईंचं एकशे बारावं पान

टिपणीसबाई गेल्या त्याला दीड वर्ष झालं. गेल्या म्हणजे ठाण्याला भाचीकडे नाही, वारल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘गेल्या’ असं मोघम बोललेलं त्यांना चालायचं नाही. “कुठे गेल्या? कशाने गेल्या? रिक्षाने?” असं त्यांनी भर शोकसभेत विचारलं असतं. स्वतःच्या शोकसभेतसुद्धा.

द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत बी ब्लॉकच्या तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. दिल्लीतल्या एका कोर्टात तीस वर्षं स्टेनो होत्या. आडनाव टिपणीस आणि काम टिपण्याचं. “अख्ख्या खानदानात आडनावाला जागलेली मी एकटी. बाकी सगळे मेले इंजिनियर झाले,” असं त्या माझ्यासारख्या इंजिनियरच्या तोंडावर सांगायच्या. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. थंडीत दोन स्वेटर आणि त्यावर कुणा पुरुषाचा काळा कोट. तो कोणाचा, हे विचारायची आमच्यात कुणाची टाप नव्हती.

मी पुण्याहून नोकरीसाठी गुडगावला आले, घर द्वारकेत घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये बाईंनी मला गाठलं.

“मराठी ना गं तू? खून आवडतात का?”

मी म्हटलं, “अं?”

“वाचायला. करायला कोण सांगतंय?”

आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय म्हणजे क्लब हाऊसच्या हॉलमधलं एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली बाईंच्या कमरेला. तुम्ही काय मागता याला तिथे काडीची किंमत नव्हती. बाई चेहरा बघून पुस्तक द्यायच्या आणि चेहरा कसाही असला तरी बहुतेक वेळा एकच पुस्तक द्यायच्या. एका काकूंनी एकदा आध्यात्मिक काहीतरी मागितलं. बाई म्हणाल्या, “आत्मा अमर आहे ना? मग घाई काय? आधी हे वाचा.”

‘हे’ म्हणजे निळं पुस्तक. त्याचं मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, पहिली चार पानंही गेलेली. नाव काय, लिहिलंय कुणी, काही पत्ता नाही. निळ्या रेक्झिनमध्ये बांधलेलं, हातात घेतलं की विटेएवढं जड. त्याची शिफारस बाई अशी करायच्या: “एक माणूस आहे. खुनासाठी चौदा वर्षं आत सडतोय. दोन पोलीस ती केस परत उघडतात. एक आहे तो पितो, बायको सोडून गेलीय. दुसरी बाई आहे, तिला झोप येत नाही. दोघांची डोकी फिरलेली आणि दोघांना अ‍ॅसिडिटी. हातात घेण्याआधी दोन वेळचा स्वयंपाक करून ठेव. नंतर जमायचं नाही. आणि एकशे बाराव्या पानावर थांबायचं.”

मी स्वयंपाक केला नव्हता. डाळ करपली, ऑफिसचा कॉल मी कॅमेरा बंद ठेवून ऐकला, म्हणजे ऐकलाच नाही. काय पुस्तक होतं यार! तो पिणारा इन्स्पेक्टर साक्षीदारांना इतके मूर्ख प्रश्न विचारतो की ते वैतागून खरं बोलून जातात. आणि ती झोप न येणारी बाई रोज पहाटे उठून त्या कैद्याच्या आईच्या घरासमोर गाडी उभी करते आणि आत न जाता परत येते. का, ते कळायला तीनशे पानं लागतात. मधे खाली ठेवायची सोय नाही.

एकशे बाराव्या पानाचा नियम असा होता की तिथवर वाचून झालं की समासात पेन्सिलीने लिहायचं, खुनी कोण. आणि खाली सही करायची. तिथवरचे सगळे पुरावे त्या आतल्या माणसाकडेच बोट दाखवतात. रक्ताचा शर्ट काय, शेजारणीची साक्ष काय. मी झोकात त्याचं नाव लिहिलं, सही ठोकली. आणि पान उलटलं, तर त्याने खून केलेलाच नव्हता.

मग मागे येऊन नीट बघितलं तर समासात एकतीस सह्या. एकतीसच्या एकतीस जणांनी त्याच बिचाऱ्याला लटकवलेलं. आमच्या निवृत्त कर्नलसाहेबांनी तर हुद्द्यासकट. पुस्तक परत करायला गेले तेव्हा बाईंनी ते पान उघडून बघितलं आणि पुस्तक कपाटात ठेवून दिलं. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मीच आपली काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “ती झोप न येणारी मला नाही आवडली. पहिल्या तपासात हीच तर ज्युनियर होती. सगळं बघितलं आणि गप्प बसली. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर?”

एरवी बाईंनी मला सोलून काढलं असतं. त्या दिवशी म्हणाल्या, “कपाट बंद करायचंय मला. उशीर झालाय.” दुपारचे चार वाजले होते.

बाईंच्या सवयी अंगावर येणाऱ्या होत्या. तुम्ही बोलत असलात की त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी गुडघ्यावर हलायची. नीट बघितलं की कळायचं, बाई तुमचं बोलणं शॉर्टहँडमध्ये टिपतायत. सवयच ती, निवृत्तीनंतरही बोट काही निवृत्त झालं नव्हतं. त्यामुळे बाईंना कुणाचंही बोलणं शब्दन्‌शब्द आठवायचं आणि आमची पंचाईत व्हायची. “तू मंगळवारी ‘येतेच’ म्हणाली होतीस. ‘येते’ नाही. ‘येतेच’.” त्या ‘च’वरून मी चार वेळा माफी मागितलीय.

आणि विमानं. द्वारकेत डोक्यावरून विमान गेलं की बोलणाऱ्याने आवाज चढवायचा, हा आमचा सगळ्यांचा रिवाज. बाई आवाज चढवायच्या नाहीत. वाक्य जिथे असेल तिथे तोडायच्या, विमान पालमला उतरेपर्यंत तोंड मिटून बसायच्या, आणि त्याच शब्दापासून पुढे. एकदा माझ्या सासऱ्यांना त्या “अण्णा, तुम्ही एक नंबरचे” इथवर बोलल्या आणि विमान आलं. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. विमान गेल्यावर बाई म्हणाल्या, “हट्टी.”

हे माझे सासरे अण्णा म्हणजे ऐंशी वर्षांचे, सांगलीचे, ताठ. आमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली होती. तरुणपणी हिंदीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेले, त्यामुळे दिल्लीकरांचं हिंदी अशुद्ध आहे असं त्यांचं ठाम मत. गणपतीच्या आराशीची सगळी सूत्रं त्यांच्याकडे. आणि त्यांच्यामुळेच त्या वर्षी ते मुकुटाचं रामायण घडलं.

मंडळाच्या गणपतीला चांदीचा मुकुट आहे. तो एका स्टीलच्या डब्यात, आणि डबा एरवी सामानाबरोबर तळघरातल्या कोठीत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गेटवरचा गार्ड रामदुलारे ते सामान वरच्या हॉलमध्ये आणत होता. रामदुलारे नऊ वर्षं आमच्या गेटवर. कुठल्या मुलाची स्कूल बस कितव्या नंबरची आणि कुणाच्या घरी कुरिअर घ्यायला कोण असतं, सगळं त्याला तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पाटावर बसले, डबा उघडला, आत मुकुट नाही.

रामदुलारे म्हणाला, मी कालच अंकलजींना सांगितलं होतं की डब्यात काही नाहीये. अण्णा कडाडले, “धादांत खोटं! मला काही सांगितलेलं नाही. उलट मी विचारलं तेव्हा म्हणाला, डबा तळघरातच आहे.” अण्णा खोटं बोलणार नाहीत, हे सगळ्यांना माहीत. म्हणजे खोटं बोलला तो रामदुलारे. आणि खोटं का बोलला? झालं की. अर्ध्या तासात त्याच्या एजन्सीचा सुपरवायझर येऊन त्याचा युनिफॉर्म काढून घेऊन गेला. सेक्रेटरी साठ्यांनी जाहीर केलं, संध्याकाळी मीटिंग घेऊ आणि मग पोलिसांत देऊ. पोलिसांत गेलं की त्याला दिल्लीत पुन्हा कुणी गेटवर उभं केलं नसतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. आणि खरं सांगते, मलाही वाटलं होतं की त्यानेच घेतला असणार.

संध्याकाळी हॉलच्या दाराशी एक माणूस चौकटीच्या शर्टात उभा होता. मी त्याला ओलांडून आत गेले आणि मग लक्षात आलं, हा रामदुलारे. नऊ वर्षांत युनिफॉर्मशिवाय बघितलाच नव्हता. लाज वाटली मला.

साठे बोलायला उभे राहिले, तोच बाई निळं पुस्तक घेऊन पुढे आल्या. चष्मा लावला, एकशे बारावं पान उघडलं आणि हजेरी घेतल्यासारख्या वाचायला लागल्या. “साठे. कर्नल. मुक्ता,” म्हणजे मी, “पाटणकर वहिनी…” अकरा नावं झाल्यावर पुस्तक मिटलं. “आत्ता या हॉलमध्ये बसलेल्या अकरा जणांनी एका निर्दोष माणसाला खुनी ठरवलेलं आहे. सह्या माझ्याजवळ आहेत. तेव्हा आज जरा दमाने घ्या.”

“बाई, ती कादंबरी होती,” साठे म्हणाले.

“म्हणून तर तो वाचला. बसा खाली.”

साठे बसले. बाई अण्णांकडे वळल्या. “अण्णा, तुम्ही त्याला काय विचारलंत? मला अर्थ नको. शब्द सांगा.”

“विचारलं, मुकुटाचा डबा कुठे आहे.”

“मराठीत विचारलंत?”

अण्णांनी घसा साफ केला. “मुकुट का डिब्बा कहाँ है?”

“रामदुलारे, इधर आओ. तुमने क्या कहा? जो मुँह से निकला था, वही बोलना.”

“जी, हमने कहा, अंकल जी, डिब्बा तो खाली है।”

“मग अण्णा? तुम्ही?”

“मी म्हटलं, ठीक है, खाली ही रहने दो.” अण्णांनी विजयी मुद्रेने हॉलकडे बघितलं. “ऐकलंत? आपल्या तोंडानेच कबूल करतोय! खाली आहे म्हणाला. मी म्हटलं राहू दे खालीच, उगीच आत्ता जिने चढून वर कशाला…”

माझी लेक ईरा दिल्लीत जन्मलेली. तिला ‘उंबरठा’ म्हणजे काय ते माहीत नाही. ती मागच्या रांगेतून फिस्सकन हसली. “आजोबा! खाली म्हणजे एम्प्टी! डबा एम्प्टी होता!”

वरून विमान गेलं. त्या दिवशी कुणीच आवाज चढवला नाही.

विमान गेल्यावर रामदुलारे हात जोडून म्हणाला, “हमको भी अजीब लगा था, मैडम। पर साहब बोले खाली ही रहने दो, तो हमने रहने दिया।”

अण्णा खुर्चीत बसले ते उठेचनात. पहिल्या वर्गाची हिंदी, आणि एका शब्दाने माणूस चोर ठरवला. बरं, तो शब्द आम्हा सगळ्यांच्या घरात दिवसातून दहा वेळा गोंधळ घालतो आणि आम्ही हसून सोडून देतो. सकाळपासून कुणी विचारलंच नव्हतं की नेमकं काय बोललात. दोघंही आपापला अर्थ सांगत बसले आणि आम्ही अर्थावर निकाल लावून मोकळे झालो.

“पण मग मुकुट आहे कुठे?” साठ्यांना राहवेना.

“ते मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “चोर सापडत नाही म्हणून समोर दिसेल तो चोर होत नाही. आधी त्याचा युनिफॉर्म आणा.”

(मुकुट नोव्हेंबरात सापडला. रजया काढायला दिवाण उघडला तर साठ्यांच्याच घरी. आदल्या वर्षी खडा बसवून आणायला म्हणून नेला होता. साठ्यांनी घरोघर बर्फी वाटली, आणि त्यांना मात्र कुणी चोर म्हटलं नाही.)

मीटिंग संपता संपता बाई म्हणाल्या, “अण्णा, उद्या आरतीला सगळ्यांसमोर त्याची माफी मागायची.”

“मी घरी बोलावून सांगेन त्याला.”

“आळ हॉलमध्ये घेतलात आणि माफी बेडरूममध्ये?”

अण्णा चिडले. माणूस खजील झाला की चिडतोच. “सांगणं सोपं असतं हो बाई. तुम्ही मागितलीये का कधी कुणाची माफी?”

बाईंची तर्जनी गुडघ्यावर थांबली. मी शेजारीच बसले होते म्हणून मला दिसलं. त्यांनी पुस्तक काखेत धरलं आणि निघून गेल्या.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. हात जोडून, सगळ्यांसमोर, त्याच हिंदीत. रामदुलारे युनिफॉर्ममध्ये होता. म्हणाला, “कोई बात नहीं, अंकल जी।”

मागून बाईंचा आवाज आला. “है। बात है। ‘कोई बात नहीं’ मत बोलो.”

रामदुलारेने वळून बाईंकडे बघितलं. मग म्हणाला, “हाँ जी, बात तो है। कल घर गए तो घरवाली पूछने लगी, सच बताओ, लिया तो नहीं?” अण्णा रडले. मी त्यांना रडताना दुसऱ्यांदाच बघितलं, पहिल्यांदा सासूबाई गेल्या तेव्हा.

शनिवारी बाईंचा फोन. “गाडी आहे ना? उद्या सकाळी नजफगडला जायचंय.” कशाला, विचारलं तर म्हणाल्या, “गाडीत सांगते.”

सांगितलं. बाई कोर्टात नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. कायमही झाल्या नव्हत्या. एका घरात वरच्या मजल्यावर कुणाला तरी मारहाण करून लुटलं होतं, आणि पकडलं होतं घरात रंगकाम करणाऱ्या एका तरुणाला. ओमवीर त्याचं नाव. साक्षीला तळमजल्यावरची भाडेकरू बाई, नवऱ्याच्या बदलीमुळे नुकतीच सोलापूरकडून आलेली. जजसाहेबांनी विचारलं, वरून ओरडण्याचा आवाज आला तेव्हा हा कुठे होता? ती घाबरत घाबरत म्हणाली, “तब वो खाली था।”

गाडी सिग्नलला थांबली होती. मी बाईंकडे बघितलं.

“साहेब म्हणाले, खाली था मतलब? कोई काम नहीं था उसके पास? तिला प्रश्नच कळला नाही गं. ती म्हणाली, हाँ जी. आणि मी ते टाईप केलं. वह खाली था, उसके पास कोई काम नहीं था. त्या बाईचा एकटीचा शब्द त्याच्या बाजूने होता. मी एक अक्षर चुकवलं नाही. वरच्या कोर्टातही कुणाला चूक सापडली नाही. सापडणार कशी? अक्षरं बरोबर होती. सात वर्षं काढली त्याने.”

“तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“बोलल्या बोलल्या. त्या खोलीत ती आणि मी, दोघीच मराठी.”

“मग?”

“स्टेनोने बोलायचं नसतं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे नोकरी जाईल म्हणून भ्याले.” सिग्नल सुटला, मी गाडी पुढे घेतली. “पत्ता पहिल्या पानावर मीच टाईप केला होता. विसरता येत नाही.”

मला त्या पहाटे गाडी उभी करणाऱ्या पोलीसबाईबद्दल मी काय बोलले होते ते आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गल्ली अरुंद, गाडी बाहेरच ठेवली. दार उघडलं ते साठीच्या एका माणसाने. बनियन, आणि एका गालाला दाढीचा फेस. बाईंनी नाव विचारलं. तोच होता.

“मैं कोर्ट में स्टेनो थी। आपके केस में टाइप मैंने किया था।”

तो बघत राहिला. “गलत किया था?”

“नहीं। बिल्कुल सही किया था।”

“फिर?”

बाईंनी सांगितलं. उभ्या उभ्या, न सजवता, स्वतः गप्प बसल्याचं आणि नोकरीला भ्याल्याचंही. मला वाटलं हा आता ओरडेल, निदान दार तरी आपटेल. त्याने खांद्यावरच्या टॉवेलने फेस पुसला.

“मराठी में खाली माने नीचे?”

“हाँ।”

“बस इतनी सी बात?”

“इतनी सी।” बाईंनी हात जोडले. “माफ़ी माँगने आई हूँ।”

तो आत गेला. दार लोटलं. मी म्हटलं, “चला बाई.” त्या हलल्या नाहीत. आत भांड्यांचा आवाज, कुणाची तरी कुजबुज. मग दार उघडलं. त्याच्या हातात प्लॅस्टिकची खुर्ची होती, आणि मागे बायको, मोठा मुलगा, सून. खुर्ची त्याने गल्लीच्या मधोमध ठेवली. माफीबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

“मैडम, उस औरत ने क्या कहा था? इनके सामने बोलिए।”

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. “उसने कहा था, जब ऊपर आवाज़ हुई, वह नीचे था।”

त्याची बायको त्याच्याकडे बघत राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या दाराशी जाऊन कडी वाजवली. “ओ सुरेश के बापू! बाहर आना ज़रा।” एक म्हातारा बाहेर आला. “मैडम, एक बार फिर।”

बाई पुन्हा बोलल्या. मग शेजारचं दार, मग त्याच्या पलीकडचं. तो एका गालावर वाढलेली दाढी घेऊन पुढे कड्या वाजवत चालला होता आणि पाच फुटांना दोन बोटं कमी असलेल्या बाई त्याच्यामागे, प्रत्येक दाराशी तेच वाक्य, तेच शब्द. मी त्यांची पिशवी धरून चालत होते. मला रडू येत होतं आणि बाईंना अजिबात नाही.

शेवटच्या दारात खाटेवर एक म्हातारी बसली होती. तिने कानामागे हात धरून मान हलवली, काहीच ऐकू येत नाही म्हणून. ओमवीर म्हणाला, राहू द्या. बाई वाकल्या, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि इतक्या जोराने ओरडल्या की अख्खी गल्ली वळून बघायला लागली.

“नीचे था, माँजी! वह नीचे था!”